पुढच्या वर्षी बघा

२७ सप्टेंबर २०२४च्या रात्री डेट्रॉइटमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ त्या हंगामातला १२१वा सामना हरला. १९०० सालापासून धरलं तर एका हंगामात इतके पराभव दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. आधीचा १२० पराभवांचा नकोसा विक्रम १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता आणि तो बासष्ट वर्षं तसाच राहिला होता. व्हाइट सॉक्सने त्या उन्हाळ्यात लागोपाठ २१ सामने गमावले, ऑगस्टमध्ये मॅनेजरला घरी बसवलं, आणि त्यांच्याच मैदानावर प्रेक्षक मालकाला उद्देशून ‘संघ विका’ म्हणून ओरडत राहिले.

आता त्या शेवटच्या आठवड्याचे निकाल ओळीने लावून बघा. १२०वा पराभव २२ सप्टेंबरला सॅन डिएगोत झाला. मग संघ घरी आला आणि एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकला. त्यानंतर डेट्रॉइटचा तो पराभव, आणि पाठोपाठ तिथेच दोन विजय. शेवटच्या सहा सामन्यांत पाच विजय! सगळ्या जगाने १२१ हा आकडा लक्षात ठेवला. व्हाइट सॉक्सचा जो खरा चाहता आहे, त्याने हिवाळाभर हे पाच उराशी धरले.

दरवर्षी फेब्रुवारीत, शिकागोत बर्फ साचलेलं असताना, या माणसाच्या मनात पुन्हा पालवी फुटते. ही आशा स्वभावातूनच येते असं आपण म्हणून मोकळे होतो. मला तसं वाटत नाही. तिला बाप आहेत, आजोबा आहेत. करारातली कलमं, एका मालकाची पैशाची तंगी, दुसऱ्याची दूरदृष्टी, निवडीचा एक उलटा क्रम, अशा गोष्टींतून ती दीडशे वर्षांत घडत गेली आहे. तिचा माग काढला की यातली कुठली आशा चाहत्याची स्वतःची आणि कुठली त्याला विकलेली, हेही उमगू लागतं.

आधी एक साधी गोष्ट. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक जण वर्षाला १६२ सामने खेळतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या विभागात ढकलले जातात. इथे तसं होत नाही. १२१ सामने हरलेला संघही पुढच्या वसंतात त्याच पंक्तीत, शून्यावरून सुरुवात करतो. हरण्याला तळ आहे, पण तळाखाली खड्डा नाही. आशेची पहिली अट ही.

दुसरी अट खेळाडूंनी टिकून राहण्याची. १८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसात ठरवलं की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. पुढे पाचाचे सगळेच झाले. खेळाडूच्या दृष्टीने हा उघड जुलूम होता. मालक सोडेल तेव्हाच त्याची सुटका, आणि मालक देईल तेवढाच पगार. हे जोखड १९७५च्या डिसेंबरमध्ये लवादाच्या निकालाने सैल होईपर्यंत जवळजवळ शतकभर राहिलं. पण यंदा चुकलेला पोरगा पुढच्या वर्षीही इथेच असणार, ही खात्री प्रेक्षकाला या कलमाने दिली. चाहत्याची आशा खेळाडूच्या बेडीवर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

तिसरी अट १८८६ची. कॅप अ‍ॅन्सनने आपला शिकागोचा संघ हंगामाआधी आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्ज या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी नेला, हिवाळ्यात चढलेली चरबी उतरवायला. त्या वर्षी तो संघ लीगमध्ये पहिला आला आणि ही रीत पसरली. आज फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात भरणारी वसंतशिबिरं तिथूनच निघाली. खेळ सुरू होण्याआधी खेळाची बातमी मिळू लागली, कोण बारीक होऊन आला, कोणाचा चेंडू जोरात येतोय. अजून एकही सामना हरलेला नसतो, त्यामुळे या बातम्यांवर हवे तेवढे मनोरे रचता येतात.

या अटी मोडल्या तर काय होतं, ते क्लीव्हलँडने १८९९ साली पाहिलं. तिथल्या स्पायडर्स संघाच्या मालकबंधूंनी सेंट लुइसचा संघही विकत घेतला आणि साय यंगसकट सगळे चांगले खेळाडू तिकडे हलवले. उरलेला संघ २० सामने जिंकला आणि १३४ हरला. घरच्या सामन्यांना माणसंच येईनात, म्हणून बहुतेक खेळ परगावी झाला. हंगाम संपल्यावर लीगने संघच बंद केला. क्लीव्हलँडच्या लोकांना कोणी कसलंही आश्वासन दिलं नव्हतं. ती पुनर्बांधणी नव्हती, नुसती लूट होती.

पाडायचं आणि पुन्हा बांधायचं, या गोष्टीचा खरा मूळपुरुष कॉनी मॅक. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा तो मॅनेजर आणि भागीदार मालकही. इतर बहुतेक मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालत. मॅक मात्र सूट, टाय आणि ताठ कॉलर घालून बाकावर बसायचा आणि हातातलं गुंडाळलेलं स्कोअरकार्ड हलवून क्षेत्ररक्षकांना डावीकडे-उजवीकडे सरकवायचा. १९१०, १९११ आणि १९१३ साली त्याचा संघ जगज्जेता झाला. १९१४ साली वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, बॉस्टन ब्रेव्ह्जने त्याला ४-० असं धुतलं. त्याच सुमाराला फेडरल लीग नावाची नवी स्पर्धा उभी राहिली होती आणि ती खेळाडूंना दुप्पट-तिप्पट पगार दाखवत होती. मॅककडे तेवढा पैसा नव्हता, असला तरी द्यायची तयारी नव्हती. त्याचे दोन थोर पिचर, प्लँक आणि बेंडर, तिकडे गेले. एडी कॉलिन्स हा त्या काळचा सर्वोत्तम सेकंड बेसमन त्याने ५०,००० डॉलरना विकला. १९१५ साली अ‍ॅथलेटिक्स १०९ सामने हरले, १९१६ साली ११७. लागोपाठ सात वर्षं संघ तळाला राहिला.

कॉलिन्सला विकत घेणारा संघ होता शिकागो व्हाइट सॉक्स. त्याला घेऊन १९१७ साली ते जगज्जेते झाले, आणि मग थेट २००५पर्यंत नाहीत. एका गावाच्या पडझडीचे वासे दुसऱ्या गावाच्या घराला लागतात, हा या धंद्याचा नियम तेव्हाच ठरला.

मॅकची पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याने कोणालाही वर्ष सांगितलं नाही, तक्ता दाखवला नाही. एकेक पोरगा आणून बसवत गेला. अल सिमन्स १९२४ साली आला. १९२५ साली मिकी कोक्रेन आला, बाल्टिमोरला १,००,६०० डॉलर मोजून आणलेला लेफ्टी ग्रोव्ह आला आणि सतरा वर्षांचा जिमी फॉक्स आला. चाहत्यांनी ही मुलं डोळ्यांदेखत मोठी होताना पाहिली. १९२९ साली संघाने १०४ सामने जिंकले. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात शिकागो कब्ज ८-० पुढे असताना सातव्या इनिंगमध्ये अ‍ॅथलेटिक्सने दहा धावा केल्या. १९१४ साली दहा वर्षांचा असलेला फिलाडेल्फियाचा मुलगा तोवर पंचवीस वर्षांचा झाला होता. त्याने वाट पाहिली आणि त्याला मिळालं.

लगेच पुढच्या वर्षी दुसरं अजिंक्यपद आलं. मग आर्थिक मंदी आली, कर्जं अंगावर आली आणि मॅकने पुन्हा घर पाडलं. सिमन्स शिकागोला (पुन्हा व्हाइट सॉक्सच!), ग्रोव्ह बॉस्टनला, कोक्रेन डेट्रॉइटला, शेवटी फॉक्सही गेला. माणूस तोच, शहर तेच, पद्धतही तीच. पण या वेळी बांधकाम झालंच नाही. मॅक १९५०पर्यंत, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत, मॅनेजर राहिला. लीगमध्ये पहिला नंबर त्याला पुन्हा दिसला नाही. १९५४च्या हंगामानंतर संघ फिलाडेल्फिया सोडून कॅन्सस सिटीला गेला. पाडणं मालकाच्या हातात असतं. पुन्हा उभं राहणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. आज पुनर्बांधणीची योजना जाहीर करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर मॅकचे हे दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवायला हवेत.

मॅकचा संघ पाहणाऱ्याची आशा मैदानात दिसणाऱ्या पोरांवर होती. न दिसणाऱ्या पोरांवर आशा ठेवायला शिकवलं ते ब्रँच रिकीने. सेंट लुइस कार्डिनल्स या संघाचा कारभार त्याच्याकडे होता आणि त्या संघाकडे पैसा नव्हता. रिकी हेरायचा तो खेळाडू श्रीमंत संघ जास्त बोली लावून पळवायचे. तेव्हा त्याने ठरवलं की खेळाडू विकत घ्यायचे नाहीत, पिकवायचे. १९२०च्या आसपास त्याने छोट्या गावांतल्या संघांत हिस्से घ्यायला सुरुवात केली, गावोगावी चाचणीशिबिरं भरवली, आणि पोरांना एका पायरीवरून वरच्या पायरीवर चढवत नेलं. त्याला लोक ‘फार्म’ म्हणू लागले, आजही म्हणतात. १९२६ साली कार्डिनल्स पहिल्यांदा जगज्जेते झाले. १९३०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या हाताखाली तीसहून अधिक संघ होते. पोरं अशी अडकवून ठेवणं बेसबॉलच्या कमिशनरला इतकं खटकलं की १९३८ साली त्यांनी कार्डिनल्सचे सत्तरहून अधिक खेळाडू एका फटक्यात मोकळे केले.

रिकीने चाहत्याला एक नवीन सवय लावली. वरचा संघ हरत असला तरी खाली कुठेतरी, तीनशे मैलांवरच्या एखाद्या गावात, आपलाच एक पोरगा चेंडू मैदानाबाहेर धाडतोय आणि तो येणार आहे, या विचाराने रात्री नीट झोप लागायची. फेब्रुवारीतली आशा आता बारमाही झाली.

रिकीचा शेवटचा मोठा प्रयोग पिट्सबर्गचा. १९५०च्या अखेरीला तो पायरेट्सकडे आला आणि त्याने कोवळ्या पोरांचाच संघ मैदानात उतरवला. १९५२ साली ते ११२ सामने हरले. राल्फ कायनर हा तिथला होम रनचा राजा. लोक त्याची फलंदाजी पाहायला यायचे आणि त्याची शेवटची पाळी झाली की उठून जायचे. रिकीने १९५३ साली त्यालाच दुसरीकडे धाडलं. पिट्सबर्गचे लोक खवळले आणि ते बरोबरच होतं. हरणाऱ्या संघाकडे पाहण्यासारखं जे एकच असतं, तेही काढून घेतल्यावर माणसाने यायचं कशाला?

पण त्याच दिवसांत एक नोंद झाली. दुसऱ्या संघाच्या फार्ममध्ये पडून असलेला, वर न नेलेला खेळाडू ठरावीक रक्कम मोजून उचलायचा, अशी वर्षातून एकदा निवड व्हायची आणि तिथे सगळ्यात कमकुवत संघाला पहिला मान असायचा. नोव्हेंबर १९५४मध्ये तळाला असलेल्या पायरेट्सने ४,००० डॉलर भरून ब्रुकलिन डॉजर्सच्या फार्ममधला वीस वर्षांचा पोर्तो रिकन मुलगा उचलला. त्याचं नाव रोबेर्टो क्लेमेंटे. १९६०च्या ऑक्टोबरमध्ये बिल मॅझरॉस्कीने नवव्या इनिंगमध्ये मारलेल्या होम रनवर पिट्सबर्गने वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यँकीजना हरवलं, तेव्हा उजव्या बाजूला क्लेमेंटे उभा राहत होता आणि रिकी तिथून निघून गेलेला होता.

ब्रुकलिनबद्दल थोडक्यात, कारण ती गोष्ट सगळ्यांनी सांगून झालेली आहे. डॉजर्स तळाला नव्हते. ते शेवटच्या पायरीवर घसरायचे. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३, पाचही वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजकडूनच हरले. ‘पुढच्या वर्षी बघा’ हे तिथल्या लोकांचं दरसालचं वाक्य झालं. ४ ऑक्टोबर १९५५ला तेवीस वर्षांच्या जॉनी पॉड्रेसने सातव्या सामन्यात यँकीजना एकही धाव करू दिली नाही, २-०. दोनच वर्षांनी मालकाने संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. एवढ्या वर्षांची आशा ज्या लोकांनी पोसली त्यांच्या हातात तिचा मालकीहक्क कधीच नव्हता, हे इतकं उघडं पुन्हा कधी पडलं नाही.

१९६५च्या जूनमध्ये नियमच बदलला. शाळा-कॉलेजांतून येणारी मुलं जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जायची, ते बंद झालं. आता संघ क्रमाने निवड करणार, आणि क्रम उलटा, आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेला संघ आधी. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिलं नाव पुकारलं गेलं रिक मंडेचं, आणि पुकारणारा संघ होता कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्स, मॅकच्याच संघाचा वारस. पुढच्या वर्षी पहिला हक्क मेट्सचा होता. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर घेतला, जो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. दुसऱ्या क्रमांकावर अ‍ॅथलेटिक्सने रेजी जॅक्सन उचलला. ओकलंडला गेलेल्या त्या संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं घेतली. ड्राफ्टने पराभवाला बक्षीस लावलं. बक्षीस लागणार की नाही, हे मात्र चिलकॉट आणि जॅक्सन यांच्यातल्या एका नावाच्या फरकावर राहिलं.

१९८१ साली अ‍ॅलन सिम्पसनने ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि १९९०पासून त्यात होतकरू १०० खेळाडूंची यादी दरवर्षी छापून येऊ लागली. आधी जी नावं फक्त संघाच्या हेरांच्या वहीत असायची, ती आता चाहत्याच्या टेबलावर आली. एकोणीस वर्षांच्या, कधी न पाहिलेल्या मुलाच्या क्रमांकावरून माणसं भांडू लागली. मला ही यादी आवडते, तिने खेळाबद्दलचं कुतूहल वाढवलं. पण मालकांनाही तिचा एक उपयोग सापडला. मैदानात दाखवण्यासारखं काही नसलं, तरी यादी दाखवता येते.

आणि मग पुनर्बांधणी हा अपघात न राहता आराखडा झाला. २०११च्या अखेरीला दोन शहरांत जवळजवळ एकाच वेळी ती सुरू झाली. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने जास्त पगाराचे खेळाडू काढून टाकले आणि २०१३ साली १११ सामने गमावले. त्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या एका सामन्याच्या टीव्ही प्रेक्षकसंख्येचं मोजमाप ह्यूस्टनमध्ये ०.० आलं. २०१४ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने मुखपृष्ठावर त्यांना २०१७चे जगज्जेते म्हणून जाहीर केलं, आणि ते २०१७ साली खरोखरच जिंकले. पुढे कळलं की त्या वर्षी ते कॅमेऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते. २०२०च्या जानेवारीत शिक्षा झाली त्यात पन्नास लाख डॉलर दंड होता आणि पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या-दुसऱ्या फेरीतले ड्राफ्टचे हक्कही काढून घेतले होते. शिक्षा म्हणून भविष्यच कापून घेतलं.

त्याच अ‍ॅस्ट्रोजने २०१३च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी घेतलेला पिचर मार्क अपेल. अजिंक्यपदाच्या आधीच तो दुसऱ्या संघाला दिला गेला, दुखापतींनी खचला, २०१८ साली खेळ सोडून गेला, २०२१ साली परत आला आणि जून २०२२मध्ये फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानात उतरला, वयाच्या तिसाव्या वर्षी. आराखड्यात तो एक वाया गेलेला चौकोन होता. माझ्या लेखी त्या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत ताठ उभा राहिलेला माणूस आहे.

शिकागो कब्जचा आराखडा सरळ फळला. २०१२ साली १०१ पराभव, २०१५ साली ९७ विजय, आणि २ नोव्हेंबर २०१६च्या रात्री क्लीव्हलँडमध्ये पावसाने थांबलेला सामना दहाव्या इनिंगमध्ये ८-७ जिंकून १०८ वर्षांनी अजिंक्यपद. त्या दिवसांत रिग्ली फील्ड या त्यांच्या मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने नावं लिहू लागले. वडिलांची, आजीची, शेजाऱ्याची, जे हे बघायला राहिले नाहीत त्यांची. हात पोहोचेल तिथवर भिंत भरली, मग लोकांनी एकमेकांना उचलून वर लिहिलं. पाच वर्षांची योजना मांडणाऱ्याला पाच वर्षं म्हणजे तक्त्यातले पाच रकाने. पंच्याऐंशी वर्षांच्या चाहत्याकडे तेवढे रकाने नसतात. पुनर्बांधणीच्या नावाखाली मुद्दाम हरायला माझा विरोध आहे तो या भिंतीमुळे. आजचा सामना जिंकण्याचा प्रयत्न आजच व्हायला हवा.

भारताचा या गोष्टीशी एक खरा धागा आहे. २००८ साली पायरेट्सनी लागोपाठ सोळावा हंगाम विजयांपेक्षा जास्त पराभवांनी संपवला होता. त्या हिवाळ्यात त्यांनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशी करार केला. भारतात झालेल्या एका टीव्ही स्पर्धेतून, ताशी मैलांत मोजलेल्या फेकीवर ते निवडले गेले होते. दोघांनी तोवर बेसबॉल खेळलेलाही नव्हता. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. पण सोळा वर्षांच्या पराभवाने गांजलेल्या पिट्सबर्गच्या माणसाने त्या हिवाळ्यात आपल्या आशेत उत्तर प्रदेशातल्या खेड्यांनाही जागा दिली होती. पायरेट्सची ती माळ २०१३ साली तुटली.

तर मग व्हाइट सॉक्स. २०१६च्या डिसेंबरमध्ये त्यांनीही आराखडा हाती घेतला. ख्रिस सेल हा आपला सर्वोत्तम पिचर बॉस्टनला दिला, अ‍ॅडम ईटन वॉशिंग्टनला. बदल्यात पोरं आणली, यादीत ती पोरं वरच्या क्रमांकावर होती. बॉस्टन २०१८ साली जगज्जेतं झालं, शेवटचा बळी सेलनेच घेतला. वॉशिंग्टन २०१९ साली झालं. पडझडीचे वासे पुन्हा दुसऱ्यांच्या घरांना लागले. शिकागोला २०२० आणि २०२१ साली बाद फेरी मिळाली, दोन्हीदा पहिल्याच पायरीवर गाडी अडली. २०२३ साली १०१ पराभव, २०२४ साली १२१. एक पुनर्बांधणी पूर्ण होण्याआधीच दुसरी सुरू करायची वेळ आली.

आणि या वेळी बक्षीसही नव्हतं. मुद्दाम हरणाऱ्यांना चाप बसावा म्हणून २०२२च्या करारात ड्राफ्टचे पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरू लागले, आणि तोच तोच संघ दरवर्षी वर येऊ नये अशी अट आली. त्या अटीमुळे १२१ सामने हरलेल्या व्हाइट सॉक्सला २०२५ साली दहावा क्रमांक मिळाला. नियम योग्य आहे, मी त्याच्या बाजूने आहे. तरी त्या दिवशी शिकागोच्या दक्षिण भागातल्या घराघरांत काय वाटलं असेल ते समजू शकतो.

त्यांना खरी भेट मिळाली ती रिकीच्या जुन्या खिडकीतून. दुसऱ्याच्या फार्ममधला खेळाडू उचलण्याची ती निवड अजून होते. तिचं नाव आता रूल फाइव्ह ड्राफ्ट, आणि चार हजारांचे एक लाख डॉलर झाले आहेत. उचललेल्या खेळाडूला हंगामभर वरच्या संघात ठेवावं लागतं, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करावं लागतं. जिंकणाऱ्या संघाला ही जोखीम परवडत नाही, तळातल्याला परवडते. डिसेंबर २०२४मध्ये पहिला मान व्हाइट सॉक्सचा होता. त्यांनी मिलवॉकीच्या फार्ममधला शेन स्मिथ घेतला. कॉलेजमधून बाहेर पडताना या पिचरला ड्राफ्टमध्ये एकाही संघाने पुकारलं नव्हतं. २०२५च्या जुलैत तो ऑल स्टार संघात होता. क्लेमेंटे ज्या दाराने पिट्सबर्गला आला त्याच दाराने हा शिकागोला आला, सत्तर वर्षांनी.

आशेचं दुसरं नाव कोल्सन माँटगोमेरी. इंडियानातला उंच शॉर्टस्टॉप, २०२१चा पहिल्या फेरीतला खेळाडू, एके काळी यादीत वर असलेला. २०२५च्या वसंतात त्याची बॅट इतकी बिघडली की त्याला एप्रिलमध्ये सामन्यांतून काढून अ‍ॅरिझोनातल्या केंद्रावर पाठवलं, फटक्याची घडण पुन्हा पहिल्यापासून शिकायला. यादीवाल्यांनी त्याचं नाव खाली सरकवलं. जुलैच्या सुरुवातीला त्याला वर बोलावलं आणि त्याने ७१ सामन्यांत २१ होम रन मारले. ६० विजय आणि १०२ पराभवांच्या त्या हंगामात लोक त्याची पाळी येईपर्यंत जागा सोडत नव्हते. आकड्यात बघितलं तर संघ १९ पावलं वर आला होता.

त्याच वर्षीच्या मेमध्ये शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट पोप झाले आणि ते व्हाइट सॉक्सचे चाहते असल्याचं जगाला कळलं. २००५च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात ते प्रेक्षकांत बसले होते, टीव्हीच्या चित्रणात ते दिसतात. ते बसले होते ती जागा संघाने आता खूण करून जपली आहे. लोक तिथे जाऊन फोटो काढतात, मग आपापल्या जागेवर येऊन सामना बघतात.

२०२६चा हंगाम समोर आहे. डिसेंबरच्या सोडतीत या खेपेला पहिला क्रमांक व्हाइट सॉक्सला लागला. जपानमध्ये २०२२ साली ५६ होम रन मारणारा मुनेताका मुराकामी दोन वर्षांच्या करारावर आला आहे. तो चेंडू हुकवतोही भरपूर, हे त्याला आणणाऱ्यांना माहीत आहे. वसंतशिबिर ग्लेनडेल, अ‍ॅरिझोनात भरतं, आणि त्या आवारातला अर्धा भाग डॉजर्सचा असतो, लागोपाठ दोन वर्षांच्या जगज्जेत्यांचा. सकाळी दोन्ही संघांचे पिचर शेजारशेजारच्या मैदानांवर हात मोकळा करतात.

या वर्षी मला अजिंक्यपदाची गोष्ट नको आहे, कोणी २०२९चा तक्ताही दाखवू नये. सत्तर-पंच्याहत्तर विजय चालतील. स्मिथने दुसऱ्या वर्षी, बॅटरांनी त्याला ओळखल्यानंतर, काय बदल केला ते बघायचं आहे. माँटगोमेरीला एप्रिलपासून पूर्ण हंगाम मिळाला तर तो कुठवर जातो, त्याची बॅट पुन्हा बिघडली तर सावरायला किती दिवस घेतो, तेही बघायचं आहे. मुराकामीचा पहिला होम रन उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत जावा. आणि ही मुलं सव्वीस-सत्तावीस वर्षांची होऊन ऐन भरात येतील तेव्हा त्यांना कोणा श्रीमंत संघाला देऊन टाकू नये. पुढचा करार त्यांच्याशी शिकागोतच व्हावा, पैसे कितीही लागोत.